दोर धरणारे हात

विल्यम कॅरी हे नाव आपल्यातील मराठीच्या विद्यार्थ्यांना दोन ओळींपुरते ठाऊक असते. बंगालमधील श्रीरामपूरचा मिशनरी. १८०५ मध्ये इंग्रजीतून मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापणारा. परीक्षेला एवढे पुरते. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला त्याची आणखी एक ओळख शब्बाथशाळेत झालेली असते. तेथे कॅरी म्हणजे चिकाटीचा पुतळा. सात वर्षे एकही बंगाली मनुष्य त्याच्या उपदेशाने ख्रिस्ती झाला नाही, तरी तो हटला नाही. छापखाना जळून खाक झाला, तरी हटला नाही. १७९३ मध्ये तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला आणि १८३४ मध्ये येथल्याच मातीत विसावला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने मायदेशाचे तोंड पाहिले नाही. असले चरित्र ऐकून मन भारावते हे खरे, पण काहीसे दबूनही जाते. अशी माणसे निराळ्याच भट्टीतून निघतात, आपले ते काम नव्हे, असे वाटू लागते.

परंतु त्याची चरित्रे आणि पत्रे सलग वाचली म्हणजे जो माणूस दिसतो तो पोलादाचा नाही. तो अनेकदा खचला, एकाकीपणाने रडकुंडीला आला, आपण येथे येऊन काय मिळवले असे स्वतःला विचारत बसला. दर वेळी त्याला कोणी ना कोणी सावरले. त्या सावरणाऱ्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. म्हणून कॅरीचे चरित्र सांगताना मी जरा त्यांच्याकडे पाहत सांगणार आहे. आणि ज्या एका व्यक्तीला सावरायला कोणीच नव्हते, तिच्याकडेही.

इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यमचा जन्म झाला. वडील एडमंड मागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाच्या कातडीला ऊन सोसत नसे, तेव्हा शेतमजुरी शक्य नव्हती. म्हणून त्याला पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या चांभाराच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. हा वॉर रोज काम करता करता विल्यमशी धर्मावर वाद घाली, त्याला पुस्तके वाचायला देई, प्रार्थनेच्या सभेला चल म्हणून पाठीस लागे. विल्यम तापट आणि वादात हार न मानणारा. पण शेवटी वॉरच्या चिवट स्नेहापुढे त्याने हात टेकले. जगभर गाजलेल्या एका मिशनऱ्याच्या श्रद्धेची सुरुवात एका चांभाराच्या पोऱ्याच्या आग्रहातून झाली. या जॉन वॉरविषयी इतिहासाला पुढे फारसे सांगण्यासारखे काही सापडलेले नाही.

दुकानातल्या एका बायबल-भाष्यात विल्यमला अनोळखी अक्षरे दिसली. ती त्याने कागदावर उतरवून घेतली आणि आपल्या गावच्या टॉमस जोन्स नावाच्या विणकराला नेऊन दाखवली. जोन्स थोडाफार शिकलेला होता. ही ग्रीक अक्षरे आहेत असे त्याने सांगितले आणि पोराला हसण्याऐवजी शिकवायला बसला. भाषांच्या त्या प्रचंड कामाचा पाया हा असा घातला गेला.

वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, १० जून १७८१ रोजी, विल्यमचे लग्न डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी झाले. ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. तिला लिहिता येत नव्हते. लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली केली. ही फुली मला कॅरीच्या सर्व ग्रंथांइतकीच बोलकी वाटते. पुढे तीस-चाळीस भाषांत बायबल किंवा त्याचे भाग छापणाऱ्या घरात एक बाई अशी होती, की जिला आपले दुःख स्वतःच्या हाताने कागदावर मांडता येत नव्हते. पहिली मुलगी ॲन दुसऱ्या वर्षीच तापाने गेली. त्याच तापात विल्यमचे केस झडले आणि त्याला पुढे कित्येक वर्षे टोप वापरावा लागला. दुसरी मुलगी ल्यूसीही लहानपणीच गेली.

१७८५ मध्ये तो मोल्टन गावी आला. तेथे शाळा, लहानशा मंडळीची पाळकी आणि पोटासाठी चांभारकाम अशी तिहेरी ओढाताण सुरू झाली. तयार जोडे पोत्यात घालून नॉर्दॅम्प्टनला पायी न्यायचे आणि येताना कातडे आणायचे. या काळात त्याला दोन माणसे भेटली. एक केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर. दुसरे त्याच मंडळीतील टॉमस गॉच, जोड्यांचे मोठे व्यापारी. कॅरी आठवड्याला किती मिळवतो याची गॉचनी चौकशी केली. नऊ-दहा शिलिंग, असे उत्तर आले. यापुढे माझे कातडे बिघडवू नकोस, तेवढेच पैसे मी तुला दर आठवड्याला देईन, तू लॅटिन-ग्रीक-हिब्रू शिक, असे त्यांनी सांगितले. उत्तेजन हा शब्द आपण बक्षीस-समारंभात फार स्वस्तात वापरतो. गॉचचे उत्तेजन दर आठवड्याला दहा शिलिंगांचे होते आणि त्यात थट्टेची फोडणी होती.

कॅप्टन कुकच्या प्रवासवर्णनांनी कॅरीला वेड लावले होते. त्याने जगाचा मोठा नकाशा चिकटवून भिंतीवर टांगला होता. जोडा शिवताना मान वर केली की तो दिसे. या देशांना शुभवर्तमान सांगणे आपले कर्तव्य नाही काय, असा प्रश्न तो पाळकांच्या सभेत विचारू लागला. एका वृद्ध पाळकाने, थोरल्या जॉन रायलंडने, त्याला तेथेच झापून खाली बसवले अशी हकीकत आहे. ती खरी की रचलेली याबद्दल वाद आहे. खुद्द रायलंडच्या मुलाने ती नाकारली होती. पण नाउमेद करणारे वडीलधारे कोणत्या सभेत नसतात?

मे १७९२ मध्ये कॅरीने आपले म्हणणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या सभेत यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायावर प्रवचन केले. ऐकणारे हलले, पण दुसऱ्या दिवशी ठराव न करताच उठू लागले. तेव्हा कॅरीने शेजारच्या फुलरचा दंड धरला आणि यंदाही काहीच न करता आपण पांगणार का, असे कळवळून विचारले. फुलर थांबला. पुढच्या सभेत मिशनरी संस्थेची योजना मांडायची असा ठराव झाला.

या फुलरविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो उन्हाळा त्याच्या आयुष्यातला सर्वांत काळा होता. त्याची बायको सारा शेवटच्या आजारात भ्रमिष्ट झाली होती, आपल्याच घराला परके घर समजत होती. २३ ऑगस्ट १७९२ रोजी ती गेली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, केटरिंगमध्ये विधवा वॉलिस बाईंच्या घरी चौदा माणसे जमली आणि बॅप्टिस्ट मिशनरी संस्था जन्माला आली. १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स देण्याची वचने चिठ्ठ्यांवर लिहिली गेली आणि फुलरच्या तपकिरीच्या डबीत गोळा झाली. फुलर संस्थेचा चिटणीस झाला. हे काम म्हणजे खोल, कोणी न पाहिलेल्या खाणीत उतरणे आहे, असे फुलरला वाटले होते. मी उतरतो, पण वर तुम्ही दोर घट्ट धरा, असे कॅरीचे जणू म्हणणे होते, अशी आठवण फुलरने पुढे सांगितली. जिवंत असेपर्यंत दोर सोडायचा नाही, अशी शपथ फुलर, धाकटा रायलंड, सट्क्लिफ आणि बर्मिंगहॅमचा तरुण पाळक सॅम्युएल पिअर्स यांनी मनोमन घेतली.

येथपर्यंतची गोष्ट उत्साहाची आहे. यापुढची डॉरोथीच्या बाजूने पाहावी.

तिला जायचे नव्हते. पोटात मूल होते, समुद्र तिने पाहिलेला नव्हता. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन एकटाच निघाला. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्याने कॅरी आणि त्याचा सहकारी जॉन टॉमस यांना जहाजावरून उतरवून दिले. टॉमस हा डॉक्टर, मनाने उमदा, पण कर्जात बुडालेला आणि लहरी. दोघे परत घरी आले. डॉरोथी तीन आठवड्यांपूर्वीच बाळंत झालेली. तिने पुन्हा नकार दिला. ते वाटेला लागल्यावर टॉमस एकटा मागे फिरला आणि कुटुंब कायमचे दुभंगेल, जन्मभर पस्तावशील, असे तिला सांगितले. भीतीपोटी ती तयार झाली. अट एकच: धाकटी बहीण किटी सोबत पाहिजे. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून सगळे निघाले आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्याला उतरले.

टॉमसच्या हातून पैसे थोड्याच दिवसांत उडाले. बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलत राहिले. डॉरोथी आणि फेलिक्स हगवणीने हैराण झाली. सुंदरबनातील देभट्टा येथे मिठाच्या कामावरील चार्ल्स शॉर्ट या इंग्रजाने या अनोळखी कुटुंबाला आपल्या घरी ठेवून घेतले. शॉर्टचा धर्मावर विश्वास नव्हता, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे किटीने या शॉर्टशीच लग्न केले आणि ती तेथेच राहिली. कॅरी कुटुंब १७९४ च्या जून महिन्यात उत्तरेकडे मालदा भागातील मुदनाबाटी येथे नीळेच्या कारखान्यावर गेले. डॉरोथीचा एकुलता एक आधार मागे राहिला.

त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. कॅरी स्वतः आजारी. जातीच्या भयाने कबर खणायला, प्रेत उचलायला कोणी पुढे येईना. मोठ्या मिनतवारीने चार माणसे मिळाली. डॉरोथीचे मन यातून सावरले नाही. १७९५ पासून ती पुरती भ्रमिष्ट झाली. नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई, त्याच्या अंगावर धावून जाई. शेवटी तिला खोलीत बंद ठेवावे लागले. बारा वर्षे ती अशीच जगली आणि ८ डिसेंबर १८०७ रोजी सुटली. शेजारच्या खोलीतून तिचा आरडाओरडा ऐकू येत असताना कॅरी भाषांतर करीत बसे, याचे चरित्रकारांना कौतुक वाटते. मला त्या वाक्याशी थांबावेसे वाटते. एकाच घरात, एकाच मुलाच्या मरणाने दोन माणसे कोसळली. एकाला विलायतेहून पत्रे येत होती. त्याच्या नावाने प्रार्थना होत होत्या. त्याच्या कामाला अर्थ आहे असे सांगणारे मित्र होते. दुसरीला पत्र कोण लिहिणार, आणि तिने वाचावे तरी कसे? हिंदुस्थानात येण्याची हाक तिला आली नव्हती, फक्त धमकी आली होती. तिच्या कमरेला दोर बांधायचे कोणालाच सुचले नाही. खुद्द कॅरीलाही नाही, असे मी म्हटले तर तो त्याचा अवमान होऊ नये. मुलांच्या बाबतीतही तो फार ढिला होता, हे त्याच्या सहकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे.

कॅरीलाही हे आधार सहज मिळाले असे नाही. आल्यापासून वर्षाहून अधिक काळ त्याला इंग्लंडहून एक ओळ आली नाही. मन मोकळे करावे असा एकही मित्र जवळ नाही, अशी खंत त्याच्या रोजनिशीत पुनःपुन्हा येते. १७९५ मध्ये पत्रे हाती पडली तेव्हाचा त्याचा आनंद उपाशी माणसाच्या आनंदासारखा होता. पण नीळेच्या धंद्यात गुंतून मूळ काम विसरू नये, असा इशारा देणारे संस्थेचे पत्रही आले आणि ते त्याच्या जिव्हारी लागले, कारण पगारातला पैसा तो कामावरच खर्च करीत होता. सहा महिन्यांच्या अंतरावरून लिहिलेला शब्द किती जपून लिहावा लागतो! फुलर ते हळूहळू शिकला. बायकोच्या भ्रमिष्टपणाची बातमी वाचताना त्याला आपली सारा आठवली असणार, हा माझा तर्क. फुलर स्वतः शहराशहरांतून, दारोदार वर्गणी मागत फिरला, पाच वेळा स्कॉटलंडला गेला, आणि रात्री जागून पत्रे लिहिली.

पिअर्सची गोष्ट निराळी. त्याला स्वतःला हिंदुस्थानात यायचे होते. तू येथेच अधिक उपयोगी आहेस, असे मित्रांनी ठरवले आणि त्याने ते मानले. मग त्याने आपली सगळी ओढ पत्रांत ओतली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १० ऑक्टोबर १७९९ रोजी, तो क्षयाने वारला. त्यानंतर तीनच दिवसांनी कॅरीच्या मदतीची नवी तुकडी हुगळीच्या काठी श्रीरामपुरास उतरली.

आणि बहीण मेरी. घरात तिला पॉली म्हणत. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने ती सुमारे पन्नास वर्षे अंथरुणाला खिळून होती. कित्येक वर्षे तिची वाचाही गेली होती. एक उजवा हात काय तो चाले. त्या एका हाताने उशीला टेकून ती भावाला लांबलचक पत्रे लिही आणि रोज त्याच्यासाठी प्रार्थना करी. कॅरी तिला झाडापानांची, भाषांची, मुलांची सारी हकीकत कळवी. तिला आपण काय देत आहोत हे तिला कितपत कळले असेल कोण जाणे.

श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून कंपनी सरकारला तेथून मिशनऱ्यांना हाकलता येत नव्हते. त्या तुकडीत मुद्रक विल्यम वॉर्ड, शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि त्याची पत्नी हॅना होती. बाकीच्यांपैकी ग्रँट तीन आठवड्यांतच वारला, ब्रन्सडन १८०१ मध्ये. जानेवारी १८०० मध्ये कॅरी आपली नीळेची जागा तोटा सोसून सोडून त्यांना येऊन मिळाला. एक स्वयंपाक, एक तिजोरी, आळीपाळीने कारभार असे त्यांचे कुटुंब उभे राहिले. मोकाट सुटलेल्या कॅरीच्या चार मुलांना हॅनाने मायेने आणि शिस्तीने वळण लावले. फेलिक्सला वॉर्डने छापखान्यात आपल्या हाताखाली घेतले.

त्यांच्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. दर शनिवारी संध्याकाळी सर्वजण एकत्र बसत, आठवड्याभरात कोणाचे कोणाशी बिनसले असेल ते तोंडावर बोलून मिटवीत आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन नव्याने देत. रविवारची उपासना त्यानंतर. आपल्याकडे मंडळ्या फुटतात, वसतिगृहातल्या खोल्या फुटतात, नाट्यमंडळे फुटतात, ती बहुतेक वेळा मोठ्या तत्त्वावरून नव्हे; न बोललेल्या बारीकसारीक गोष्टी साठत गेल्याने. कॅरी, मार्शमन, वॉर्ड हे तिघे स्वभावाने अगदी भिन्न होते, तरी वॉर्डच्या मरणापर्यंत तेवीस वर्षे फुटले नाहीत.

१८०० च्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. टॉमसने तो बसवला आणि बसवता बसवता शुभवर्तमानही सांगितले. २८ डिसेंबरला कॅरीने हुगळीत कृष्ण पाल आणि आपला मुलगा फेलिक्स यांना बाप्तिस्मा दिला. सात वर्षांच्या प्रतीक्षेचे हे पहिले फळ. मात्र त्या दिवशी आनंदातिरेकाने टॉमसचे डोके फिरले होते. एका खोलीत तो आणि दुसरीत डॉरोथी, असे दोन आवाज घरातून येत होते. चरित्रकाराला हा प्रसंग रंगवण्याचा मोह होतो. तो जसा घडला तसाच पुरेसा आहे.

पुढची दहा-अकरा वर्षे भरभराटीची. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. बंगाली, संस्कृत आणि नंतर मराठी. महिना पाचशे, पुढे हजार रुपये मिळत, ते सारे सामाईक तिजोरीत जात. मराठीच्या कामी त्याला वैजनाथ पंडितांचे साह्य होते. मराठी व्याकरण, कोश आणि १८११ चा नवा करार यांमागे हे पंडित आहेत. कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापले होते. खिळ्यांचे ठसे कोरण्याचे काम पंचानन कर्मकार आणि त्यांच्यामागून त्यांचे जावई मनोहर यांनी केले. कॅरीच्या यशाची वाटणी करायची झाली तर या मंडळींचा वाटा मोठा निघेल.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. वॉर्डने दारे-खिडक्या बंद करून ती कोंडण्याचा प्रयत्न केला. कोणीतरी एक खिडकी उघडली आणि भडका उडाला. रात्री छप्पर कोसळले. कागदाचे ढीग, अनेक लिप्यांचे खिळे, तेलुगूचे व्याकरण, संस्कृत कोशाचा भाग, रामायणाच्या भाषांतराची हस्तलिखिते, पौर्वात्य भाषांचा मोठा तौलनिक कोश, सारे गेले. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचे. कॅरी कलकत्त्यात होता. सकाळी मार्शमन स्वतः जाऊन त्याला सांगून आला. बातमी नोकराकरवी चिठ्ठीने पाठवता आली असती. त्याने तसे केले नाही. संध्याकाळी कॅरी राखेतून फिरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. पण तोवर वॉर्ड ढिगारा उपसून बसला होता आणि पोलादी ठसे व मातृका शाबूत सापडल्या होत्या. छापयंत्रेही वाचली होती. वितळलेले शिसे गोळा करून मनोहरच्या हाताखाली रात्रंदिवस नवे खिळे ओतणे सुरू झाले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुन्हा चालू झाली. त्या रविवारी कॅरीने सेहेचाळिसाव्या स्तोत्रावर प्रवचन केले. हरवलेले ग्रंथ तो पुन्हा लिहू लागला. दुसऱ्यांदा चालताना वाट ओळखीची असते, एवढेच त्याचे म्हणणे होते.

इंग्लंडात बातमी पोहोचली आणि बॅप्टिस्टच नव्हे, इतर पंथांच्या लोकांनीही पैसे पाठवले. सुमारे दोन महिन्यांत सारी भरपाई झाली आणि आता पुरे, असे फुलरला जाहीर करावे लागले. त्याच वेळी फुलरने कॅरीला एक पत्र धाडले. या आगीने तुमचे नाव सर्वत्र झाले आहे, त्या स्तुतीचीच मला भीती वाटते, असा त्याचा आशय होता. धीर देणे आणि पाठ थोपटत राहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या चिटणिसाला पक्के कळले होते.

फुलर ७ मे १८१५ रोजी वारला. दोर धरणाऱ्यांची पहिली पिढी संपत आली आणि नव्या समितीच्या पत्रांचा सूर बदलला. मिळकत कोणाच्या नावावर आहे, हिशेब का पाठवला नाही, तुम्ही म्हणे थाटात राहता, असे प्रश्न येऊ लागले. संस्थेने हिशेब मागणे वावगे नव्हते. परंतु ज्यांनी आयुष्यभराची कमाई ओतली होती त्यांना कधी न पाहिलेल्या माणसांकडून संशयाची पत्रे यावीत, हे कॅरीला छापखान्याच्या आगीपेक्षा जड गेले असे त्याच्या पत्रांवरून दिसते. १८२७ मध्ये श्रीरामपूर संस्थेपासून अलग झाले. आगीची भरपाई दोन महिन्यांत झाली होती. या भांडणाला कॅरीच्या हयातीत औषध सापडले नाही.

या काळात दुसरा घाव फेलिक्सचा. तो ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला होता. १८१४ मध्ये इरावती नदीत नाव उलटून त्याची बायको-मुले बुडाली. पुढे तो तेथल्या राजाचा वकील होऊन कलकत्त्यास थाटाने आला, नंतर तेही गेले, आणि पूर्वेकडील सरहद्दीवर तो वर्षानुवर्षे भटकत राहिला. बाप मनातून खचला होता. वॉर्ड प्रवासात असताना चितगावच्या बाजूला त्याची फेलिक्सशी गाठ पडली. लहानपणी ज्याला खिळे जुळवायला शिकवले त्या पोराला वॉर्ड समजावून घरी घेऊन आला. नव्या करारात पौलाने टाकलेल्या मार्काला बर्णबाने जवळ केले, तसेच हे. फेलिक्सने नंतरची चार-एक वर्षे छापखान्यात काढली, बंगालीत शरीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि १८२२ मध्ये तो वारला. उपदेश ऐकून तो परत आला असता असे मला वाटत नाही.

मार्च १८२३ मध्ये वॉर्ड पटकीने एका दिवसात गेला. त्याच वर्षी नावेतून उतरताना पाय घसरून कॅरीच्या मांडीला जबर दुखापत झाली आणि तापाने तो मरणाच्या दारी पोचला. मग दामोदराचा पूर आला आणि जपून वाढवलेली बाग उद्ध्वस्त झाली. दुसरी पत्नी शार्लट १८२१ मध्येच निवर्तली होती. तिसरी पत्नी ग्रेस हिने या दुखण्यात त्याची शुश्रूषा केली. तो उठला, बाग पुन्हा लावली, आणि डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत उतरवायला आला तेव्हा रविवारचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून दिवस मावळेपर्यंत तो पुरा केला. १८३० पासून कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या, मिशनच्या शाळांचे पैसे त्यात गेले.

अखेरच्या महिन्यांत त्याला चालवेना. माणसे त्याला खुर्चीत बसवून बागेत फिरवून आणीत. तेही जमेना तेव्हा माळी बिछान्यापाशी येऊन कोणते झाड फुटले ते सांगे. उरला होता एकटा मार्शमन. तो रोज येऊन बसे. आपल्या मागे मार्शमन बागेत गाई सोडणार, अशी चिंता कॅरीने एके दिवशी बोलून दाखवली. मार्शमनला फुलाझाडांत काडीची गोडी नव्हती, हे दोघांनाही चौतीस वर्षे ठाऊक होते. मला तुझ्यासारखी झाडांची समज नाही, पण तुझा जीव ज्या बागेत रमला ती राखणे मी पवित्र कर्तव्य मानीन, असे आश्वासन त्याने लगेच दिले. ९ जून १८३४ च्या पहाटे कॅरी वारला. दुसऱ्या दिवशी त्याला श्रीरामपुरास पुरले.